खळं लांब, पाणी जवळ

आमच्या घरावर माळवद होतं तोवर उन्हाळ्यात आम्ही कधी घरात झोपलो नाही. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि त्यावर हातभर पांढऱ्या मातीचा थर. दिवसभर तापलेलं माळवद संध्याकाळी पाणी शिंपडलं की तासाभरात निवायचं. मग वाकळा वर जायच्या, तांब्या जायचा, आणि सगळ्यांत शेवटी गुडघ्यावर हात टेकत आज्जी चढायची. मृग तोंडावर आला की ती आडवी व्हायच्या आधी चंद्राकडे बघून घ्यायची. उजवा हात पुढे ताणायची, अंगठा आणि करंगळी फाकवायची, आणि आभाळावर वीत टाकायची. अंगठा चंद्रावर, करंगळी कड्यावर.

"खळं लांब पडलंय. पाणी जवळ हाय."

एखाद्या रात्री चंद्राला अगदी बिलगून तांबूस कडं दिसायचं. तेव्हा वीत लागायची नाही, नुसता अंगठा पुरायचा. "जवळचं खळं. पाणी लांब," एवढं बोलून ती कूस बदलायची आणि आबा अंधारात उसासा टाकायचे.

खळं हा शब्द मला लहानपणापासून दोन ठिकाणी भेटला. एक आभाळात आणि एक वावरात. ज्वारी काढली की शेतातली कडक जागा बघून ती चोपायची, शेणानं सारवायची, मधोमध लाकडी तिवडा रोवायचा आणि त्याला बांधलेली बैलं कणसांवरून गोल गोल फिरवायची. तेही खळंच. चंद्राभोवतीच्या कड्याला पहिल्यांदा ज्यानं खळं म्हटलं, त्याला मधला चंद्र तिवड्यासारखा दिसला असणार. हा शब्द कुण्या पंडिताला सुचणारा नाही, मळणीत पाय मळलेल्या माणसाचा आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. डोक्यावरची माती काय करते ते त्या पहाटे आमच्या सगळ्या जिल्ह्यानं बघितलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत आमच्या गावातली माळवदं उतरली, पत्रे आले, स्लॅब आले. आमच्याकडे स्लॅब आला. आज्जी त्याच्यावरही चढत राहिली, पण स्लॅब माळवदासारखा निवत नाही, त्यामुळे बाकीचे खाली पंख्याखाली झोपू लागले आणि आभाळाकडे बघणारी ती एकटीच उरली.

मी भौतिकशास्त्र शिकवते. खळ्याचा धडा मी वर्षानुवर्षं एका वाक्यात उरकत आले: उंचावरच्या ढगांतल्या षटकोनी हिमकणांमधून प्रकाशाचं अपवर्तन होऊन 22 अंशांचं वर्तुळ दिसतं. फळ्यावर आकृती, दोन गुणांचा प्रश्न, पुढचा धडा. आज्जीच्या विताचा आणि या 22 अंशांचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

2015 चा पावसाळा आमच्याकडच्या कुणालाही विसरता येणार नाही. ढग यायचे. रोज यायचे. दुपारी आभाळ भरून यायचं, उजेड मंदावायचा, गुरं गोठ्याकडे तोंड करून उभी राहायची, आणि पाचच्या सुमाराला सगळं पूर्वेकडे निघून जायचं. सोयाबीन फुलात येऊन करपत होतं. औरंगाबादेत रडार बसलं, विमान आलं, कृत्रिम पावसाच्या बातम्या रोज पेपरात. वर्गातला एक मुलगा, मागच्या बाकावरचा, ज्याच्या घरी चार एकर कोरडवाहू, त्यानं विचारलं, "मॅडम, ढग काळा असला म्हणजे त्यात पाणी जास्त असतं का?"

मी हो म्हणाले. मग म्हणाले, तसंच काही नाही. मग घंटा झाली. एसटीत बसल्यावर लक्षात आलं की आपण त्या पोराला उत्तर दिलंच नाही, कारण आपण हा हिशोब कधी केलेलाच नाही.

रात्री वही काढली. आपल्याकडच्या साध्या पावसाळी ढगात एका घनसेंटीमीटरमध्ये, म्हणजे खेळातल्या फाशाएवढ्या जागेत, साधारण शंभर थेंब असतात असं धरलं. प्रत्येकाची त्रिज्या 10 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. असा थेंब आपल्या आकाराच्या सावलीपेक्षा दुप्पट प्रकाश अडवतो, कारण जो प्रकाश त्याच्या कडेनं जातो तोही वाकतो. एवढ्या आकड्यांवर गुणाकार-भागाकार केला की उत्तर येतं 16 मीटर. म्हणजे अशा ढगात शिरलेला प्रकाश सरासरी 16 मीटर सरळ जातो आणि मग एखाद्या थेंबावर आदळून दिशा बदलतो. किलोमीटरभर जाड ढग पार करायला त्याच्यासमोर असे साठाहून जास्त अडथळे उभे असतात. आदळला की तो कुठे वळेल हे ठरलेलं नाही. बहुतेकदा किंचित वळून पुढेच जातो, कधी बाजूला, क्वचित उलट फिरतो.

एवढ्या वळणांचा हिशोब कागदावर होत नाही. तो कॉम्प्युटरला सांगावा लागतो, आणि सांगायची रीत मोठी सुंदर आहे. प्रकाशाचा एक कण ढगाच्या माथ्यावर सोडायचा. किती अंतर जाईल, ते फासा टाकून ठरवायचं. कुठे वळेल, पुन्हा फासा. ढगातून बाहेर पडेपर्यंत त्याच्या मागे जायचं आणि वरून बाहेर पडला की खालून ते लिहून ठेवायचं. मग दुसरा कण, मग तिसरा, असे लाखभर. एकट्या कणाच्या वाटेत काहीच नियम दिसत नाही. लाखाची बेरीज केली की ढग दिसू लागतो. या रीतीला मोंटे कार्लो म्हणतात, जुगाराच्या अड्ड्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावावरून. स्टॅनिस्लाव उलाम या गणितज्ञाला ती 1946 मध्ये आजारपणात पत्ते लावत बसलेला असताना सुचली. डाव जमण्याची शक्यता सूत्रानं काढण्यापेक्षा शंभर डाव मांडून किती जमतात ते मोजावं, इतका साधा तो विचार. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमान यांनी तो तेव्हाच्या नव्या संगणकांवर आणला.

मी पायथनमध्ये साठेक ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. लाईट रात्री साडेअकराला यायची आणि सकाळी जायची, म्हणून लॅपटॉप रात्रीच चालायचा. पहिल्या रात्री हजार कण सोडले. खालून बाहेर पडलेले आणि वरून बाहेर पडलेले मिळून झाले 1,030.

ढगातलं पाणी दिसणारा प्रकाश जवळजवळ गिळत नाही. एक थेंब प्रकाश वळवतो, वाटून देतो, पण ठेवून घेत नाही. म्हणून जेवढे सोडले तेवढेच बाहेर यायला हवेत, एक कमी नाही आणि एक जास्त नाही. माझ्या ढगात तीस कण नव्यानं जन्मले होते. दोन रात्री मी त्या तीस कणांच्या मागे होते. आमच्याकडे रास मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. आज्जी मोजायला बसली की तिच्याशी कुणी बोलायचं नाही, कारण एक माप चुकलं तर वाटेकऱ्याच्या तोंडचं जातं. त्या दोन रात्री मी कणांच्या याद्या छापून तशाच बोट ठेवून मोजत होते. चूक सापडली ती एका ओळीत. ढगाबाहेर पडलेल्या कणाची नोंद होत होती, पण त्याला तिथे न थांबवता मी आणखी एक फासा टाकू देत होते, आणि त्यातले काही पुन्हा मोजले जात होते. ओळ हलवली. हजार सोडले, हजार आले. मला वाटतं त्या रात्री मला पहिल्यांदा खरंच पटलं की प्रकाशाचाही चोख हिशोब असतो.

मग जाडी बदलत गेले. दोनशे मीटर जाडीच्या ढगातून जवळजवळ अर्धा प्रकाश खाली येतो. असा ढग खालून राखाडी, उजळ दिसतो. एक किलोमीटरला शंभरातले ऐंशीहून अधिक कण वरूनच परत जातात. खाली उभ्या माणसाला जो काळाकुट्ट दिसतो तोच ढग वरून, विमानातून, कापसाच्या गंजीसारखा पांढराशुभ्र दिसतो. त्याचा काळेपणा म्हणजे वर परत गेलेला उजेड.

यानंतर मी जे करून बघितलं त्यानं मला रात्रभर जागं ठेवलं. ढगातलं पाणी तेवढंच ठेवलं, एका थेंबाचीही भर नाही, फक्त थेंब मोठे केले. 10 मायक्रॉनचे 20 केले. थेंब संख्येनं आठपट कमी झाले आणि प्रकाशासमोरचे अडथळे निम्म्यावर आले. ढग खालून उजळला. उलट 5 मायक्रॉनचे केले तर अडथळे दुप्पट, ढग आणखी काळा. म्हणजे पाणी तेवढंच असलं, तर जो ढग जास्त काळा दिसतो त्यातले थेंब जास्त बारीक असतात, आणि बारीक थेंब पडत नाहीत. 10 मायक्रॉनचा थेंब हवेत सेकंदाला जेमतेम सव्वा सेंटीमीटर खाली येतो. किलोमीटरभर उतरायला त्याला जवळजवळ पूर्ण दिवस लागेल, आणि ढगाबाहेर आला की त्याआधीच तो वाळून जातो. पावसाचा एक मिलिमीटर त्रिज्येचा थेंब सेकंदाला सहा-सात मीटर वेगानं येतो. पण तो एक थेंब व्हायला ढगातले असे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात.

दहा लाख. आमच्या सोयाबीनच्या एका पानावर पडलेल्या एका थेंबामागे दहा लाख.

दुसरा हिशोब मी करायलाच नको होता असं त्या क्षणी वाटलं, पण केला. किलोमीटरभर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच ढग घेतला. शंभर थेंब, 10 मायक्रॉन. त्यात पाणी किती? एका घनमीटरला अर्ध्या ग्रॅमहून कमी. सगळ्या ढगात मिळून चार लाख लिटरच्या थोडं वर. दुसऱ्या वर्षी, एप्रिल 2016 मध्ये, मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली तेव्हा मला हा आकडा आठवला. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्या डोक्यावरून जाणाऱ्या, अर्धं शिवार झाकणाऱ्या त्या ढगात त्या गाडीएवढंही पाणी नव्हतं. सगळं एका दमात खाली ओतलं असतं तरी जमिनीवर अर्धा मिलिमीटरही भरलं नसतं. पाऊस म्हणजे ढगात साठवलेलं पाणी रिकामं होणं, असं आम्ही समजत आलो. ते तसं नसतं. ढग म्हणजे वाहतं पाणी आहे, नदीसारखं. खालून बाष्प येत राहिलं, वर थेंब मोठे होत राहिले, तरच पाऊस तासभर टिकतो. आलेला ढग नुसता बघत बसायचा नसतो, त्याच्या मागून काय येतंय ते बघायचं असतं.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी हे सगळं पुढच्या सोमवारी सांगितलं. काळा ढग म्हणजे जाड ढग, एवढं खरं. जाड म्हणजे पाणी जास्त असू शकतं, तेही खरं. पण पडेल की नाही ते काळेपणा सांगत नाही, थेंबाचा आकार सांगतो. तो म्हणाला, "मग थेंबाचा आकार खालून कसा दिसणार?"

हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. ढगात धूळ, धूर जास्त असेल तर बाष्पाला बसायला पाट जास्त मिळतात. तेवढंच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं, थेंब बारीक राहतात, आणि ढग वरून जास्त पांढरा, म्हणजे खालून जास्त काळा होतो. शॉन टूमी या शास्त्रज्ञानं हे 1970 च्या दशकात मांडलं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं 2009 पासून विमानं ढगांत नेऊन थेंब मोजायचं काम केलं, 2018 आणि 2019 मध्ये आमच्या शेजारी सोलापूरला तळ टाकून ढगांत मिठाच्या जातीचे कण सोडण्याचे प्रयोग केले. कल्पना अशी की मोठा कण आधीच पाणी ओढून मोठा थेंब करेल आणि तो खाली येताना वाटेतल्या बारक्यांना गोळा करेल.

आणि थेंब दूरवरून मोजायची युक्तीही प्रकाशाचीच आहे. उपग्रह ढगाकडे दोन रंगांत बघतो. एक डोळ्याला दिसणारा, जो ढग गिळत नाही. तो ढगाची जाडी सांगतो. दुसरा डोळ्याला न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा, जो पाणी थोडा गिळतं, आणि मोठा थेंब जास्त गिळतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की थेंबाचा आकार कळतो. पण कळतो कशावरून? आधीच कुणीतरी कॉम्प्युटरमध्ये हजारो खोटे ढग करून, प्रत्येकातल्या प्रकाशाचा हिशोब करून, अशा ढगातून असा प्रकाश परत येतो याची जंत्री करून ठेवलेली असते. उपग्रह खऱ्या ढगाचं माप त्या जंत्रीत शोधतो. माझा साठ ओळींचा प्रोग्रॅम त्या कामाचा अगदी गावठी नातेवाईक. तरी नातेवाईक आहे, याचा मला फार आनंद झाला.

त्या जंत्रीच्या मुळाशी एक जुनं गणित आहे. 1908 मध्ये गुस्ताफ मी या जर्मन शास्त्रज्ञानं एका गोल कणावर प्रकाश पडला की तो कोणत्या दिशेला किती जाईल याचं पूर्ण उत्तर दिलं. त्यांना खरं तर द्रावणातल्या सोन्याच्या कणांचे रंग समजून घ्यायचे होते. त्यांचं आडनाव देवनागरीत लिहिलं की माझे विद्यार्थी गोंधळतात. 'मी यांनी सिद्ध केले' म्हणजे कुणी, असं विचारतात. उत्तर पूर्ण आहे, पण ते एका न संपणाऱ्या बेरजेत आहे, आणि कण जेवढा मोठा तेवढी बेरीज लांब. ढगातल्या आपल्या थेंबासाठी साधारण 135 पदं घ्यावी लागतात, पावसाच्या थेंबासाठी साडेअकरा हजारांच्या आसपास. मी यांच्या काळात अगदी बारीक कणांपलीकडे हाताने जाणं शक्यच नव्हतं. माझा जुना लॅपटॉप ढगातल्या थेंबाचं काम पापणी लवायच्या आत करतो. पदामागून पद जुळत शेवटी कागदावर एक वेडीवाकडी रेघ उमटते, आणि त्या रेघेत सगळं असतं: समोरच्या दिशेला उंच शिखर, 140 अंशांजवळ धुक्यातल्या पांढऱ्या धनुष्याची उंचवट, आणि अगदी शेवटी, जिथून प्रकाश आला त्याच दिशेला, एक छोटासा उठाव.

तो शेवटचा उठाव म्हणजे इंद्रवज्र. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्यात सूर्य पाठीशी आणि ढग खाली असला की आपल्याच सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळं दिसतात. 1835 मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. इंद्रधनुष्य किरणांच्या रेघा ओढून समजावता येतं, फ्रेंच गणितज्ञ देकार्तनं 1637 मध्ये तेच केलं. इंद्रवज्राला नुसत्या रेघा पुरत नाहीत. त्याला मी यांची सगळी बेरीज लागते. स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस डोंगरावर 1894 च्या सप्टेंबरमध्ये विल्सन नावाच्या तरुणानं सूर्याभोवतीची कडी आणि ढगावरच्या सावलीभोवतीची ही वर्तुळं बघितली आणि ती प्रयोगशाळेत करून बघायची म्हणून काचेच्या भांड्यात ढग तयार करायला घेतले. त्या भांड्यातूनच पुढे अणूंच्या कणांचे माग दाखवणारी मेघपेटी झाली आणि 1927 मध्ये त्याला नोबेल मिळालं. माणूस डोंगरावरून रंग घेऊन खाली उतरतो आणि ते पुन्हा दिसावेत म्हणून आयुष्य घालवतो. मला हे फार जवळचं वाटतं.

खळ्याकडे मी शेवटी वळले. हिमकण थेंबासारखा गोल नसतो, त्यामुळे इथे मी यांची बेरीज नाही, साध्या किरणांचा पाठलाग. एक षटकोनी कांडी घ्यायची, पेन्सिलीच्या तुकड्यासारखी. ती कशी पडली असेल ते फाशानं ठरवायचं. एका बाजूतून किरण आत घ्यायचा, एक बाजू सोडून पुढच्या बाजूतून बाहेर काढायचा, आणि तो आभाळात जिथे दिसेल तिथे एक ठिपका ठेवायचा. बर्फाचा अपवर्तनांक 1.31, दोन बाजूंमधला कोन 60 अंश. गणित सांगतं की अशा कांडीतून किरण 21.8 अंशांपेक्षा कमी वळूच शकत नाही. कांडी कशीही फिरवा. जास्त वळेल, कमी नाही. आणि झोका टोकाला गेला की जसा क्षणभर थबकतो, तसा कांडी फिरत असताना तो कोन या कमीत कमीपाशी रेंगाळतो. म्हणून तिथे किरणांची गर्दी होते.

प्रोग्रॅम सुरू करून मी चहा करायला गेले. परत आले तेव्हा काळ्या पडद्यावर ठिपक्यांची नुसती धूळ होती. दहा हजारांपर्यंत काहीच नाही. वीस हजारांच्या पुढे डोळ्यांना वाटू लागलं की मध्ये काहीतरी मोकळं राहतंय. मग आतली कड दिसली, रेखीव, सारवलेल्या खळ्याच्या कडेसारखी, आणि बाहेरच्या बाजूला धूसर होत गेलेला पसारा, जसं मळणीत भूस कडेकडेनं उडून पडतं. लाख ठिपके झाले. आत एकही नाही. बाहेर एप्रिलचा उकाडा होता, रात्री दोन वाजताही भिंती गरम होत्या, आणि मी विचार करत होते की याच क्षणी आमच्या गावावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर, उणे 30 अंशांच्याही खाली, अशा कांड्या तरंगत असतील.

मग आज्जीची दोन खळी माझ्यासमोर वेगळी झाली. लांबचं, वीतभर खळं हे बर्फाचं, तेच 22 अंशांचं. त्याचं माप बर्फाच्या कोनानं कायमचं ठरलेलं, लातूरला असो की कुठेही. जवळचं खळं बर्फाचं नव्हेच. ते पाण्याच्या थेंबांच्या कडेनं वाकलेल्या प्रकाशाचं, आणि त्याचं माप थेंबावर अवलंबून. 10 मायक्रॉनच्या थेंबांतून पहिलं काळं कडं चंद्रापासून दोन अंशांवर येतं. हात लांब केला की अंगठ्याची रुंदी साधारण दोन अंश. थेंब बारीक असले तर कडं पसरतं, मोठे असले तर आवळतं. मुलाला हवा होता तो थेंबाचा आकार, खालून, उघड्या डोळ्यांनी, एका अंगठ्यानं मोजता येतो. चंद्र हवा आणि ढग पातळ हवा, एवढंच.

तिच्या वाक्याचा दुसरा भाग, पाण्याचा, मी वहीत नोंदून बघितला. दर वेळी खरा ठरत नाही. पण बंगालच्या उपसागरातून मोठं काही सरकत आलं की त्याच्या माथ्यावरचा बर्फाचा ढग आधी पसरत पुढे येतो, आणि त्या वेळी लांबचं खळं पडतं. जवळचं खळं पडतं ते सुटसुटीत, पातळ, बारीक थेंबांच्या ढगांतून, ज्यांच्या मागे सहसा काही नसतं. निदान कशाकडे बघायचं ते तिला नेमकं माहीत होतं.

त्या उन्हाळ्यात सुट्टीला गावी गेले तेव्हा लॅपटॉप घेऊन गेले. आज्जी नव्वदीला टेकलेली, ओट्यावर बसलेली. दाखवलं.

"काय करायलीस हे?"

"खळं केलंय, आज्जी. चंद्राचं."

तिनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "तिवडा कुठाय?"

मी चंद्र काढलाच नव्हता. मध्ये एक पांढरा गोल टाकला. तिनं हात पुढे ताणला, अंगठा आणि करंगळी फाकवली, आणि मान हलवली. पडद्यावरचं खळं तिच्या अर्ध्या वितातही बसत नव्हतं. "हे जवळचं हाय, पोरी. ह्याचं पाणी लांब."

मी चंद्र पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात नेला आणि बाकी सगळं वाढवत गेले. पडद्यात आता कड्याचा एक तुकडाच मावत होता. आज्जी पुढे सरकली, अंगठा कोपऱ्यातल्या चंद्रावर टेकवला आणि बोटं उघडली. अजून थोडं कमी पडत होतं.

"वाढव की अजून जरा," ती म्हणाली.

वाढवलं. करंगळी कड्याला टेकली.

"हां. आता लांब पडलं."